सीलबंद पेटी

हिंगण्याच्या अख्ख्या एमआयडीसीत माझ्यासारखा स्टोअरकीपर शोधून दाखवा! पत्र्याची कपाटं बनवणारी आमची फॅक्टरी. पत्रा म्हणजे कापाकापी आलीच. पण चारशे नऊ दिवस माझ्या स्टोअरमधून मलमपट्टीची एकही पट्टी गेली नव्हती!

त्यात काय मोठं, म्हणाल. अहो, आमच्याकडे अपघात मोजतात ते पट्ट्यांवरून! पेटीतली पट्टी गेली नाही, म्हणजे कोणाला लागलंच नाही. मग मी प्रथमोपचार पेटीला लाल टेपचं सील ठोकलं, ती कपाटात कोंडली आणि किल्ली करदोट्याला बांधली. शनिवारी पुण्याहून मोठे साहेब येऊन ‘शून्य अपघात’ बक्षीस देणार होते. मलाच!

चारशे नवव्या दिवशी, मंगळवारी, रुपराव आला. पत्रा कापायच्या मशीनवर असतो, कन्हानहून येतो. डाव्या मुठीतून रक्त गळत होतं.

“अनंतभाऊ, पट्टी द्या ना जी. बोट कापलं.”

“हातमोजे काहून नाही घातले?”

“फाटले ना जी. नवे मांगतले, तं तुम्ही म्हणाले, जुने दोन्ही आण, मंग नवे नेजो. मले एकच सापडून राहिला.”

नियम माझाच. जुनी जोडी जमा, नवी जोडी हातात. मागच्या मांडणीवर तीनशे नव्या जोड्या प्लास्टिकमध्ये झोपल्या होत्या.

“शनिवारपर्यंत थांब गा. सील तुटलं तर सगळी मेहनत पाण्यात!”

“माझं रक्त थांबन का जी शनिवारपर्यंत?”

मी त्याला मशीन पुसायची चिंधी दिली. तीही वापरलेली. नवीची नोंद करावी लागते ना!

गुरुवारी बोटाचं भरताचं वांगं झालं. सेफ्टीच्या मिनल मॅडमनी नेमकं पाहिलं.

“याला काय झालं?”

“मधमाशी चावली!” रुपरावनं तोंड उघडायच्या आत मी ठोकून दिलं.

झालं! मॅडमनी पोळं शोधायला दोन माणसं शिडीवर चढवली, शेड पालथी घातली. पोळं सापडेना. शेवटी गेटवर पाटी लागली: ‘मधमाश्यांपासून सावधान’. रुपराव त्या पाटीखालून हात छातीशी धरून ये-जा करायचा. माझ्याकडे बघायचा.

शनिवारी साहेब आले. एका कपाटाच्या कडेवर प्रेमानं हात फिरवत म्हणाले, “वा! काय फिनिशिं—” आणि अंगठा टरकन् फाटला!

“फर्स्ट एड!” मॅडम किंचाळल्या.

मी धावलो. करदोट्याची गाठ सुटेना! एका हातानं पँट, दुसऱ्या हातानं किल्ली! चारशे तेरा दिवसांचं सील फाडलं. पेटीतलं औषध वाळून खडखडीत, पट्ट्यांची तारीख कधीच उलटलेली. साहेबांच्या अंगठ्याला पट्टी लावली की गळून पडे. पुन्हा लावली, पुन्हा पडली.

तेवढ्यात रुपराव पुढे आला. त्यानं उजव्या हातानं खिशातून पट्टी काढली, कन्हानच्या मेडिकलमधून आणलेली, आणि दातानं कागद फाडून साहेबांना लावली.

“सर, अपघात लिहू?” मी चाचरत विचारलं.

“कंपनीची पट्टी वापरली का?”

“नाही सर. त्या तर चिकटल्याच नाहीत.”

“मग कसला अपघात?”

मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, टाळ्या मिळाल्या. रुपराव एका हातानं मांडीवर टाळ्या वाजवत होता. ते पाहून शाल अंगावर टोचायला लागली, खरं सांगतो.

सोमवारी तो आला नाही. बोटातलं विष वर चढत होतं म्हणून दवाखान्यात त्याचं निम्मं बोट काढलं. तीन आठवड्यांनी आला आणि दोन फाटके मोजे माझ्या टेबलावर ठेवले.

“दुसरा सापडला, अनंतभाऊ. आता देता का नवे?”

मी नवी जोडी काढून दिली. त्यानं मोजा घातला. एका बोटाचं टोक रिकामं लोंबत राहिलं. त्यानं ते चिमटीत धरून माझ्यासमोर केलं.

“हे तं उरून राहिलं जी. कापून जमा करून घेता?”