अप्पांचं कुलूप आणि गौरीची कंपनी

आमच्या अणदूरचे गुरुसिद्धअप्पा ताकाच्या रांजणालाही कुलूप लावतात. लावून ओढून बघतात, चार पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. कुणी हसलं की म्हणतात, "हसा! चोर बी हसतच येतंय."

त्यांची लेक गौरी पुण्याच्या एका कंपनीत. तिला आता गावातून काम करायचं होतं. त्यासाठी कंपनीच्या नेटवर्कला व्हीपीएन नावाची सुरक्षित जोडणी हवी. आधी पासवर्ड, मग मोबाईलवर येणारा कोड. अप्पा खूश! "दोन-दोन कुलपं! शहाणी माणसं हायत." संध्याकाळपर्यंत जोडणी झाली तर गौरी इथं राहणार, नाही तर रात्रीच्या गाडीनं पुण्याला. बॅग भरून तयार होती.

इंटरनेटची तार घरात आलीय, पण मोबाईलला रेंज फक्त माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर. टॉवरसाठी आम्ही पत्रकं वाटून दमलो. मोबाईल कंपनीचे साहेब म्हणतात, नकाशात तुमच्याकडं रेंज आहे. मग नकाशात राहायला जावं का आम्ही? गौरीचा मोबाईल घेऊन अप्पा माळवदावर चढले, मागोमाग मी. गौरी खाली, माळवदातल्या झरोक्याखाली लॅपटॉपपुढं.

कोड आला.

"अप्पा, सांगा लवकर!"

"न्हाय सांगत. कुणालाबी सांगू नका म्हणून लिवलंय हितं."

"अहो, तो माझाच कोड आहे!"

"आख्खी गल्ली ऐकंल. अन् ह्यो पुढारी कान लावून हुबा हाय." पुढारी म्हणजे मी.

मोबाईल मुठीत धरून ते शिडी उतरेपर्यंत कोडची मुदत संपली. दुसऱ्यांदाही तेच. गौरी रडकुंडीला आली. "आता चुकलं तर खातं बंद, अप्पा. मग गाडीच."

अप्पा पुन्हा माळवदावर चढले. कोड येताच झरोक्यापाशी पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मोबाईल गौरीच्या डोक्यावर धरला.

"मनातल्या मनात वाच! पुढाऱ्या, तोंड फिरीव तिकडं!"

फिरवलं. खालून किंकाळी आली, "जोडलं, अप्पा! जोडलं!"

बघा साहेब, तुमच्या नाकावर टिच्चून अणदूरच्या माळवदावरून पुण्याचं ऑफिस उघडलं! मी गल्लीभर बोंब ठोकून आलो.

परतलो तर गौरी बॅगेपाशी बसलेली. चेनीला अप्पांचं पितळी कुलूप.

"हे कधी लावलंत?"

"सकाळी. गाडीत चोऱ्या लई."

"मग किल्ली मला का नाही दिली?"

अप्पांनी करदोड्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं, आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "कापडं फडताळात लाव."

आख्ख्या घरात कुलूप नसलेलं ते एकच फडताळ. रिकामं, पुसून ठेवलेलं.