त्रिफुन जिवंत आहे तोवर

"गवंडी तुमचा कूम आहे ना, म्हणूनच कागद घ्या," ओल्गित्साबाई म्हणाल्या होत्या. "परका गवंडी असता तर मी एवढं बोललेही नसते. परक्याशी माणूस भांडतो, कोर्टात खेचतो, चार लोकांत त्याचं नाव घालवतो. कूमचं तुम्ही काय करणार?"

ओल्गित्साबाई नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर बसतात. मी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते आणि सासूबाईंच्या घरावर एक मजला चढवायचा अर्ज घेऊन गेले होते. बाईंनी अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहूनही दिलं: काय काय बांधणार ते लेखी, कधी पुरं करणार ते लेखी, दोष निघाला तर किती वर्षं जबाबदार ते लेखी, आणि कुणाला इजा झाली तर विमा. मी हसले.

"अहो, आमच्या लग्नात तो मेणबत्ती धरून शेजारी उभा होता!"

"सरळ धरली होती का?" त्यांनी विचारलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

कूम म्हणजे लग्नाचा साक्षीदार आणि बाप्तिस्म्याचा धर्मपिता; हे नातं बापाकडून मुलाकडे जातं, आणि दोन्हीकडचे एकमेकांना कूमच म्हणतात. वुकाशिन, म्हणजे माझा नवरा. त्याच्या वडिलांच्या लग्नात कूम म्हणून त्रिफुनचा बाप उभा राहिला, वुकाशिनच्या बाप्तिस्म्याला त्रिफुन, आणि आमच्या लग्नातही त्रिफुनच. खरं तर पाळी त्याच्या मुलाची, पण तो व्हिएन्नाला, त्याला रजा मिळाली नाही. सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरला तरी आमच्या गावात कुणी विचारत नाही. कूमशी वाकडं बोललं तर मात्र वाल्येवोच्या बाजारापर्यंत बातमी जाते. आणि हा कूम पंचक्रोशीत गवंडी म्हणून नावाजलेला. दुसऱ्या कुणाला काम देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणंच.

वुकाशिनने एकदा जेवताना, अगदी लांबून, विषय काढून पाहिला.

"कूम, आजकाल लोक हमी-बिमी लिहून घेतात म्हणे."

त्रिफुनने काटा खाली ठेवला, उजवा हात छातीवर ठेवला. "हमी? ही काय, तुझ्यासमोर बसून सारमा खातेय."

सासूबाईंनी वुकाशिनला स्वयंपाकघरात गाठलं. "कूमकडं कागद मागतोस? उद्या पाद्रीबाबांकडं देवाची पावती माग!"

विषय संपला.

जुलैमध्ये आढं चढलं. त्या दिवशी रिवाजाप्रमाणे प्रत्येक नातेवाइकाने गवंड्यासाठी एक नवा शर्ट आणला. त्रिफुन छपरावर उभा राहून देणाऱ्याचं नाव पुकारायचा, त्याला आयुष्य चिंतायचा, राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, एक घोट घ्यायचा आणि शर्ट दोरीला अडकवायचा. दोरी आढ्यापासून धुराड्यापर्यंत ताणलेली. सोळा शर्ट, सोळा घोट. संध्याकाळी वारा सुटला आणि शर्ट गोळा केले तेव्हा पंधराच भरले. मी दिलेला निळा शर्ट गायब होता. त्रिफुनने पलीकडच्या घराकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं, आणि पुढचे पाच महिने त्या बिचाऱ्या शेजाऱ्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

ऑगस्टमध्ये दुन्या जन्मली. ऑक्टोबरात आम्ही वर राहायला गेलो आणि पहिल्याच दिवशी मी तिला घेऊन जिन्यावर ठेचकाळले. मोजून पाहिलं तर सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच होती.

आता कूमला "पायरी चुकली" असं तोंडावर म्हणता येत नाही. त्याला जेवायला बोलवायचं, कोकराचं भाजलेलं मांस वाढायचं, आणि मग कुणीतरी सहज म्हणायचं, "जिना काय देखणा झालाय! फक्त सातव्या पायरीवर जरा जपून."

"सवय होईल," त्रिफुन म्हणाला. मग माझ्या कडेवरच्या दुन्याकडे बघून त्याला दया आली आणि त्याने थापी काढली. सातवी पायरी खाली आली. त्यामुळे आठवी उंच झाली. पुन्हा जेवण, पुन्हा कोकरू. आठवी उतरवली, नववी चढली. तीन जेवणांनंतर तो दोष जिना चढून आमच्या दारात आला आणि उंबरठ्यात मुक्कामाला राहिला.

"आता कसं?" त्रिफुन म्हणाला. "उंबरठा काय, उंचच असतो."

थंडी पडली. सासूबाईंनी खालच्या स्वयंपाकघरातली लोखंडी शेगडी पेटवली. तिचं धुराडं वरच्या मजल्यावर, दुन्याच्या पाळण्यामागच्या भिंतीतून जातं. भिंत छान उबदार लागायची. आणि दुन्या झोपायला लागली. आधी तासभर, मग दोन तास, मग तीन.

"काय शहाणी पोर आहे!" सासूबाई गावभर सांगत सुटल्या. "वुकाशिननं मला वर्षभर जागवलं होतं. ही बघा, बाहुलीसारखी पडून असते!"

बायका बघायला यायच्या. कुणी म्हणे भिंतीच्या उबेनं, कुणी म्हणे कूमच्या हाताच्या गुणानं. मला मात्र ते झोपणं आवडत नव्हतं. मी पाळण्याशी बसून तिचे श्वास मोजायचे. मोजता मोजता माझं डोकं दुखायचं, आणि अंगणात कपडे वाळत घालायला गेलं की थांबायचं.

"ती रडली तरी तुला काळजी, झोपली तरी काळजी," वुकाशिन म्हणाला. "डोकं दुखणारच."

एका शनिवारी दुपारी मी तिला उचललं तर तिचा हात लोंबत राहिला. गाल गुलाबी, हात कापसासारखा. मी नावाने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तिने डोळे अर्धे उघडले आणि मला ओळखलं नाही. मी खिडकी उघडली की कोपराने काच फोडली ते आता आठवत नाही. काच नंतर वुकाशिनने बसवली, म्हणजे फोडलीच असणार. उंबरठा, नववी, आठवी, सातवी, कशालाही न अडखळता मी अंगणातल्या बर्फात उभी होते.

दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. डॉक्टर तरुण होता, माझ्यापेक्षाही लहान असेल. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "घरात धुराचा विषारी वायू साठतोय. आज तिला आणखी झोपू दिलं असतंत, तर मी तुम्हाला आत बोलावून दार लावून घेतलं असतं." दोन दिवसांनी तिला घरी पाठवलं, तेव्हा ती किंचाळून रडत होती, आणि आयुष्यात मला कुठलाही आवाज एवढा गोड लागला नाही.

सोमवारी धुराडं साफ करणारा माणूस आला. त्याने वरून काटा घातला, ओढला, शिवी दिली, पुन्हा ओढला. काजळीचा ढीग खाली आला आणि त्यामागून एक शर्ट. खांद्यापर्यंत काळा, पण कॉलर अजून निळी, टाचण्यांसकट. पाळण्यामागची भिंत फोडली, तर विटांच्या सांध्यांत चुन्याचा पत्ता नव्हता. माझं बोट आरपार गेलं.

त्रिफुनला जेवण न देता बोलावलं. आमच्या घराच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. टेबलावर फक्त तो शर्ट होता.

त्रिफुनचा चेहरा उजळला. "सापडला! आणि मी उगाच त्या शेजाऱ्याला—" मग त्याने काजळी पाहिली, भिंतीतलं भोक पाहिलं, माझ्या मांडीवरची दुन्या पाहिली. त्याने टोपी काढली. त्याला टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"वारा आला तेव्हा मी दोरी सोडली," तो हळू म्हणाला. "सोळा घोट झाले होते, पोरी. सांधे दुसऱ्या दिवशी भरायचे होते. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलो. मग तिसऱ्या दिवशी वाटलं, भरले की आपण."

"मला कागद हवाय," मी म्हणाले.

"सूनबाई!" सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"तुम्हीच म्हणत होता ना बाहुलीसारखी झोपते?" मी ओरडले. सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी एप्रनचं टोक तोंडाला लावलं. त्यांच्यावर ओरडल्याचं मला अजून वाईट वाटतं.

"आण कागद," त्रिफुन म्हणाला. "आणि मला सांगू नकोस काय लिहायचं."

अर्धा तास लागला. जीभ दातांत धरून, मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं: 'मी त्रिफुन, या घराचा गवंडी आणि कूम. या घरात जे जे बिघडेल ते मी स्वतःच्या हाताने, फुकट, हाक मारताक्षणी दुरुस्त करीन. किती वर्षं ते विचारू नये. मी जिवंत आहे तोवर.' खाली सही. सही पुरेशी वाटली नाही म्हणून काजळीत बुडवून अंगठा. आम्हा सगळ्यांच्या गालांचे तीन तीन मुके घेऊन तो त्याच दिवशी कामाला लागला. सांधे भरले, धुराड्यात धूर सोडून पाहिला, दवाखान्यातल्या डॉक्टरने सुचवलेलं वायू ओळखणारं यंत्र स्वतः आणून पाळण्याच्या वर ठोकलं. ते वाकडं आहे, पण वाजतं.

मी कागद घेऊन विजयी मुद्रेने ओल्गित्साबाईंकडे गेले. त्यांनी वाचला. चष्मा काढला.

"वय किती यांचं?"

"सदुसष्ट."

"सिगारेट?"

"दोन पाकिटं."

"रक्तदाब?"

"तो कधी मोजला नाही म्हणतो."

बाईंनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "तब्येतीला जपा त्यांच्या," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. पुढच्या जेवणाला कोकराऐवजी उकडलेली कोंबडी आणि बिनमिठाचं भाज्यांचं सूप.

"मी आजारी आहे का?" त्रिफुनने विचारलं.

"नाही कूम, तुम्ही तर शंभर वर्षं जगायचं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात शुभेच्छेपेक्षा ताकीद जास्त होती. त्या राकियात पाणी घालायच्या. पहिल्याच घोटाला त्याने ओळखलं, पण पेला रिकामा केला. तो खोकला की आम्ही तिघं आधी त्याच्याकडे आणि मग भिंतीकडे बघायचो.

फेब्रुवारीत छपरावरची दोन कौलं सरकली. त्रिफुनने शिडी लावली. वुकाशिनने शिडी काढून घेतली.

"वर बर्फ आहे, कूम. पाय घसरला तर?"

"मग कौलं कोण बसवणार?"

"मी बसवतो. तुम्ही खाली खुर्चीत बसून सांगा."

तेव्हापासून तसंच चालू आहे. उंबरठा मी उतरवला, त्याने ओळंबा धरून सांगितलं. आंघोळीच्या खोलीतल्या फरशा वुकाशिनने उखडून पुन्हा बसवल्या. हमी शाबूत राहावी म्हणून सगळी दुरुस्ती आम्हीच करतो. मला आता चुना कालवता येतो, सांधे भरता येतात, आणि त्रिफुन म्हणतो की एवढ्या वर्षांत त्याला मिळालेला सगळ्यात बरा गडी मीच. दर मंगळवारी मी त्याच्या गोळ्या डबीत भरून देऊन येते. तो एकटाच राहतो. मुलाचा फोन येतो, रविवारी. पहिल्यांदा गेले तेव्हा मी घराच्या काळजीपोटी गेले होते, हे खोटं कशाला सांगू. आताशा दुन्या त्याच्या ओळंब्याशी खेळते, तो तिला "मुकादमीणबाई" म्हणतो, आणि निघायची वेळ झाली की दोघंही रडवेली होतात.

आणि गेल्या आठवड्यात डोंगरापलीकडच्या त्याच्या दुसऱ्या धर्मपुत्राचा निरोप आला: छप्पर घालायचंय, कूम, थंडीच्या आत.

"नाही म्हणा," मी म्हणाले.

"कूमला नाही म्हणता येत नाही, पोरी. तुला कोणी शिकवलं नाही का?"

तो निघून गेला, गोळ्यांची डबी टेबलावरच राहिली. फोन मंगळवारपासून लागत नाही. त्या खोऱ्यात फोन लागतच नाही, वुकाशिन म्हणतो. पण असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही. वुकाशिन गाडी घेऊन गेला होता, यंदा बर्फ लवकर पडल्यानं घाट बंद आहे म्हणून परत आला. काल सकाळी दुन्याच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक भेग दिसली. केसाएवढी आहे. मी तिच्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

तुमच्यापैकी कुणी पोव्लेन डोंगराच्या त्या अंगाला राहत असेल, तर एवढं करा. नवं छप्पर चढत असलेलं घर शोधा. दोरीला शर्ट टांगलेले दिसतील, त्यावरून सापडेल. वर राखाडी टोपीचा, खोकणारा म्हातारा असेल. तो उतरेपर्यंत शिडी धरून उभे राहा, गोळी घेतली का विचारा, आणि मला दोन शब्द कळवा. भेगेचं मात्र त्याला सांगू नका. तो तिथल्या तिथे थापी उचलून चालत निघेल, आणि घाटात बर्फ पडतोय.