हेल्मेटातले मधुभाऊ

आमच्या अष्टमी गावात स्वतःचं नाव ओरडत स्कूटर चालवणारा माणूस एकच, आमचे शेजारी मधुभाऊ. डोक्यावर हेल्मेट. समोरून ओळखीचं कुणी आलं की काच वर करतात, "मी मधू हाय, मधू!" असं ओरडतात आणि काच खाली पाडतात. पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात पोचेपर्यंत त्यांचा घसा बसलेला असतो.

बाकी सगळ्यांची हेल्मेटं आरशाला लटकतात. कायदा ठाऊक आहे, पोलिसांची भीतीही आहे. पण 'ओळख न देता गेला' या ठपक्याची भीती जास्त. तोंड झाकून गेलात की संध्याकाळपर्यंत घरी विचारणा होते, "तुमचे हे हल्ली माजलेत काय?" मीही घालत नाही. पोलीस सोडून देतात, मामेसासरे सोडत नाहीत.

मधुभाऊंचा पाय कुठे ठरत नाही. कंपनीतून निवृत्त झाले तरी चहा उभ्यानेच पितात. "चला, निघतो, उशीर झाला." कशाला उशीर, ते विचारायचं नाही.

एकदा मला मागे बसवून पेणला निघाले. वडखळला चहा पिताना म्हणाले, "दोन वर्सांमागं पेणच्या बाजारात दादानं हात केला. हेल्मेटात मला दिसलाच नाय. तवापासून सख्खा भाऊ बोलत नाय माझ्याशी."

"मग घालता कशाला?"

"आता सोडलं तर दादा म्हणंल, त्या दिवशी मुद्दाम घातलं होतं! त्याच्या आळीत तेवढं काढतो."

आळीच्या तोंडाशी हेल्मेट काढून त्यांनी केस नीट केले. दादा ओटीवर पेपर वाचत बसले होते. आम्ही समोरून सावकाश गेलो. वळून पुन्हा गेलो. पेपर हलला नाही. तिसऱ्या फेरीला मधुभाऊंनी पुन्हा एकदा केस नीट केले. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात पेपराआडून आवाज आला, "मधू, डोकं झाक. नाक्यावर पोलीस हायत."

"व्हय दादा," मधुभाऊ कसेबसे म्हणाले. हेल्मेट घातलं, काच खाली ओढली आणि थेट रोह्यापर्यंत वर केली नाही. पुलावर ओळखीचे भेटत होते, हे गप्प. शेवटी मागून मीच ओरडत आलो, "मधुभाऊ हायत, मधुभाऊ!"