पाठपोपट आणि मथुराबाईंची तक्रार

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना सगळं येत होतं. सशाच्या पिल्लापासून गव्याच्या वासरापर्यंत ज्याला विचारावं त्याचा अभ्यास पूर्ण. हे कसं घडलं, त्याचीच ही गोष्ट. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत.

त्या जंगलात मोठा पाणवठा एकच होता. तिथे पाणी प्यायचं तर पिल्लांना आधी परीक्षा द्यावी लागे. चिखलातलं पाऊल बघायचं आणि ते कोणाचं ते सांगायचं. सांबराचं असेल तर खुशाल पाणी प्यावं. वाघाचं असेल तर ढुंगणाला पाय लावून पळावं. हसू नका, हे अभ्यासक्रमातलंच वाक्य आहे.

पूर्वी हे सगळं आया शिकवत. चिखलापाशी न्यायचं, पाऊल दाखवायचं, पिल्लू चुकलं की एक ढुशी द्यायची आणि पुन्हा विचारायचं. मग राघोजी पोपट आला.

राघोजी शहरात राहून आला होता. पिंजऱ्यात होता म्हणा, पण जंगलात त्याला उच्च शिक्षण म्हणतात. आल्या आल्या त्याने 'पाठपोपट' नावाचं ॲप काढलं. जंगलात मोबाइल कुठून आले, असं विचारू नका. करवंदीला काटे कुठून आले, ते कधी विचारलंत?

ॲपमध्ये कार्डं होती. कार्डावर पाऊल, उलटलं की मागे नाव. ओळखलं की ढोल वाजे. ॲप अजून बीटा होतं. बीटा म्हणजे भाकरी कच्ची आहे हे करणाऱ्याला ठाऊक असतं, पण कुठे कच्ची आहे ते खाणाऱ्याने सांगायचं असतं.

"चुका कळवा, सुधारणा सुचवा. हे ॲप तुमचंच आहे!" राघोजी म्हणाला. फुकटात राबवून घ्यायचं असलं की वस्तू नेहमी आपलीच असते.

त्याच जंगलात मथुराबाई भेकर राहायच्या. भेकर म्हणजे हरणांतलं एक लहानसं जनावर. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. मथुराबाई नुसता संशय आला तरी भुंकायच्या, त्यामुळे शेजारी त्यांना फार बोलवत नसत. त्यांची लेक बिजली यंदा पहिल्यांदाच परीक्षेला बसणार होती.

एका दुपारी बिजली बांबूच्या सावलीत कार्डं उलटत बसली होती. मथुराबाई मागून डोकावल्या. कार्डावर वाघाचं पाऊल आलं. बिजलीने बिनधास्त सांगितलं, "मांजर."

"चूक," ॲप म्हणालं आणि कार्ड नाहीसं झालं. मथुराबाई ते परत यायची वाट बघत राहिल्या. सांबर आलं. मग पुन्हा सांबर. बिजली दर वेळी बरोबर सांगे आणि ढोल वाजे. शेवटी वरून फुलं पडली आणि अक्षरं उमटली, 'अभ्यास शंभर टक्के पूर्ण!'

"अगं, त्या मांजराचं काय झालं?"

"ते गेलं, आई."

"गेलं म्हणजे? चुकलेलं पुन्हा यायला नको?"

"चुकलेलं कार्ड परत येत नाही. म्हणून तर सगळ्यांचं शंभर टक्के होतं!"

मथुराबाई तडक उठल्या. त्यांनी रानडुकराच्या पोराला विचारलं, चितळाच्या पोरीला विचारलं. वाघाच्या पावलाला पिल्लू एकदा तरी चुकतंच. त्यामुळे वाघाचं कार्ड कोणाकडेच उरलं नव्हतं. सगळं जंगल शंभर टक्के हुशार होतं, आणि वाघ कोणालाच येत नव्हता.

त्यांनी खुराने चिखलात वाघाचं पाऊल काढून लेकीला दाखवलं. बिजलीने मान फिरवली. "हे ॲपमध्ये नाही. म्हणजे परीक्षेत नाही."

मग मथुराबाईंनी 'चूक कळवा' ही खिडकी उघडली आणि लिहिलं, 'चुकलेलं कार्ड पुन्हा पुन्हा यायला हवं. नाहीतर माझी पोर जिवाला मुकेल.' तक्रार आत गेली आणि नाहीशी झाली. ती खिडकीसुद्धा राघोजीने त्याच डोक्याने बनवली होती.

तेव्हा त्या स्वतःच राघोजीच्या वडाखाली गेल्या. तिथे सूचना करणाऱ्यांची रांग होती. घुबडाला रात्रीसाठी काळा पडदा हवा होता. मंजूर. मोराला ढोलाऐवजी मोराचा नाच हवा होता. मंजूर, आणि वर आभार.

रांगेत वाघोबाही होते. त्यांच्या पुढे आणि मागे बरीच जागा रिकामी होती.

"फार सुंदर ॲप आहे," वाघोबा म्हणाले. "एक अक्षरही बदलू नका. फक्त एक नम्र सूचना. पाणवठ्यावरची परीक्षा सगळ्या पिल्लांची एकदमच घ्यावी. दिवस मावळताना बरं पडेल."

"कोणाला बरं पडेल?" मथुराबाईंनी लांबूनच विचारलं.

"पिल्लांना. ऊन नसतं," वाघोबा म्हणाले.

राघोजीने पंखाने डोळे टिपले. पिल्लांचा एवढा विचार करणारा त्याला आजवर भेटला नव्हता. मंजूर!

मथुराबाईंचा नंबर लागला. त्यांनी सगळं सांगितलं. राघोजीने मान तिरकी करून ऐकून घेतलं.

"मथुराबाई, चुकलेलं पुन्हा दाखवलं की पिल्लू हिरमुसतं. हिरमुसलं की ॲप बंद करतं. आज जंगलात एक तरी पिल्लू हिरमुसलेलं दिसतंय का?"

"अहो, पण त्यांना वाघाचं पाऊल ओळखता येत नाही!"

"तशी एखाद्या पिल्लाची तक्रार आहे?"

"असेल कशी? आपल्याला ते येत नाही, हेच त्यांना माहीत नाही!"

"मग प्रश्नच मिटला," राघोजी म्हणाला. "तुम्ही जरा चांगलं बघायला शिका. ढोलाबद्दल काही सूचना आहे का?"

परीक्षेची संध्याकाळ उजाडली. संध्याकाळ उजाडत नाही हे मलाही कळतं, पण राघोजी तसंच म्हणत होता. पिल्लं पाणवठ्यावर ओळीने बसली. आया करवंदीच्या जाळीमागे उभ्या राहिल्या. राघोजी फांदीवरून लक्ष ठेवत होता.

समोर चिखलात एक मोठं पाऊल उमटलेलं होतं. त्यात अजून पाणी झिरपत होतं.

"हे कार्ड आमच्याकडे नव्हतं," चितळाची पोर म्हणाली.

"बोलायचं नाही. येतं तेवढं लिहा," राघोजी म्हणाला.

मथुराबाईंनी ते झिरपणारं पाणी पाहिलं, म्हणजे पाऊल ताजं होतं. मग पलीकडचं गवत हललेलं पाहिलं. वारा नव्हता. त्यांनी मान वर केली आणि जीव खाऊन भुंकायला सुरुवात केली.

"कॉपी!" राघोजी किंचाळला. "उत्तर सांगताहेत! कोणीही जागेवरून उठायचं नाही!"

पिल्लं गुणी होती. कोणी उठलं नाही. बिजलीलाही उठायचं नव्हतं, पण आईचं ते भुंकणं तिने पोटात असल्यापासून ऐकलेलं. तिला काही कळायच्या आत पाय सुटले, आणि ती ढुंगणाला पाय लावून पळाली. मथुराबाई तिच्यामागे धावल्या.

मग आपली सूचना नीट अमलात आली की नाही, ते बघायला वाघोबा जातीने आले.

पुढचं मी सांगत नाही. तुमचं जेवण व्हायचंय. वाघोबांचं झालं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. चुकलेली पिल्लं दिसेनाशी झाली होती. उरलेली सगळी पास. नापास एकच, बिजली भेकर, कारण ती परीक्षा सोडून पळाली. कॉपी पुरवल्याबद्दल मथुराबाईंना पाणवठा कायमचा बंद झाला. तक्रारी शून्य, म्हणून ॲपवरची बीटाची पाटी निघाली. उत्तम सूचनेबद्दल वाघोबांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. नारळ त्यांनी परत केला. पोटात जागा नव्हती.

मायलेकी आता डोंगरापलीकडच्या ओहोळावर जाऊ लागल्या. बिजली वाटभर भुणभुण करत होती. "तुझ्यामुळे मी नापास झाले. नापासांच्या यादीत माझं एकटीचंच नाव आहे, म्हणजे माझ्या सगळ्या मैत्रिणी पास झाल्या."

'कुठे आहेत गं त्या?' असं मथुराबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. लेकीची भुणभुण त्या ऐकत राहिल्या. इतकं गोड त्यांनी जन्मात काही ऐकलं नव्हतं. ओहोळ आला तशा त्या थांबल्या आणि खुराने चिखलात एक पाऊल काढलं.

"हे कोणाचं?"

"मांजराचं," बिजली फुरंगटून म्हणाली.

मथुराबाईंनी तिला एक ढुशी दिली आणि पुन्हा विचारलं.

तात्पर्य : सूचना करायचीच असेल, तर वाघासारखी करावी. आधी स्तुती, मग नम्रपणे, थोडक्यात, आणि आपली जेवणाची वेळ सांगून.