एक बोल्ट उरला

स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने करू नये म्हणतात. मी अकरा वर्षं वाट पाहिली, दुसऱ्या कुणाचं तोंड उघडेना, तेव्हा माझा नाइलाज आहे. मी गुप्तहेर आहे. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धीला शोभेल अशी उपमा अजून सापडलेली नाही, तपास चालू आहे. दिवसा मी पाणीपुरवठा कचेरीत जुन्या फायली सांभाळतो, पण तो निव्वळ मुखवटा. इतका बेमालूम की कचेरीत आजवर कुणालाही संशय आलेला नाही. माझ्या नावावर उकललेली तीन प्रकरणं आहेत. त्यातलं हरवलेल्या चष्म्याचं प्रकरण चालू असताना चष्मा माझ्याच कपाळावर होता, हे माझे विरोधक मुद्दाम सांगतात. विरोधक म्हणजे माझी बायको. मदतनीसही तीच आहे.

चौथं प्रकरण घडलं माझ्या सासऱ्यांच्या शेडमध्ये. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांनी तीस वर्षं रस्ते मोजणाऱ्या खात्यात जीप चालवली. ते निवृत्त झाल्यावर खात्याने ती जीप लिलावात काढली तेव्हा मामांनीच ती घरी आणली. तिचं वय आता अडतीस. घरात सगळे तिला ‘म्हातारी’ म्हणतात, फक्त सासूबाई, म्हणजे मामी, तिला ‘सवत’ म्हणतात.

त्यालाही कारण आहे. गावामागच्या टेकडीवर एक जुना टॉवर आहे. तिथवर फक्त असली जीपच चढते. मामा खात्यातल्या साहेबांना घेऊन शेकडो वेळा वर गेले, आणि घरी येऊन दर वेळी मामींना म्हणाले, “एकदा तुला नेतो.” पण पुढच्या सीटवर कायम साहेब. पुढे जीप घरची झाली तर कधी स्प्रिंगचा पाटा तुटलेला, कधी रेडिएटर गळका, आणि गेली दोन वर्षं क्लच गेलेला. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या वेळी लायसनच्या कागदावर सही मिळणार नाही. लायसन रविवारी संपत होतं. म्हणजे मामींना पुढे बसवून टेकडीवर न्यायचं तर रविवारी, नाहीतर कधीच नाही.

म्हणून सोमवारपासून क्लचप्लेट बदलायचं काम निघालं. मामा काम करत होते आणि मी कचेरीत रजा टाकून देखरेख. सीट काढल्या, तळाचा पत्रा काढला, गिअरबॉक्स उतरवला. गंजलेले सगळे बोल्ट मी डिझेलमध्ये भिजत घातले. त्यासाठी भांडं हवं होतं, ते मी स्वयंपाकघरातून चौकशी करत न बसता आणलं. मंगळवारी भिजलेले बोल्ट मी पेपरवर पालथे केले तेव्हा त्या पॅनची दांडी माझ्या हातातच राहिली. वस्तूंनाही वय असतंच.

बुधवारी दुपारी सगळं जोडून झालं. मामांनी चावी फिरवली, म्हातारी खोकली, शिंकली आणि चालू झाली. मामी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण पदराला हात पुसायच्या थांबल्या.

आणि माझ्या घारीच्या नजरेला पेपरवर एक बोल्ट दिसला.

“मामा,” मी म्हणालो, “हा उरलाय.”

मामांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून त्यांनी तो बोल्ट हातावर घेतला आणि उलटून पाहिला.

“बोल्ट उरला म्हणजे कुठेतरी भोक रिकामं राहिलं,” ते म्हणाले. “ते कुठलं हे कळल्याशिवाय हिला शेजारी बसवून मी टेकडी उतरणार नाही.”

“तीस वर्षं थांबलेय,” मामी म्हणाल्या. “अजून चार दिवस थांबते. तेवढा माझा पॅन परत द्या.”

प्रकरण माझ्या हाती आलं. पुराव्यासाठी मी पाकिटं घेतली आणि त्यांवर आकडे टाकले. पुरावा क्रमांक एक, सदर बोल्ट. दोन ते सहा, घटनास्थळी सापडलेलं एक बटण, एक केस, आणखी एक केस, बडीशेपेचा दाणा आणि तिसरा केस. तिन्ही केस माझेच आहेत, असं बायकोचं मत पडलं. डोक्यावर आता उरलेत तरी किती, असंही ती म्हणाली. शिवाय तुलना करण्यासाठी जीपचा एक अस्सल बोल्ट हवा होता. तो मी हाताला येईल तिथून काढला, उरलेल्या बोल्टाशेजारी ठेवला आणि माझ्या अंगावर काटा आला. लांबी तीच, जाडी तीच, आटे तेच.

“एकाच आईची लेकरं,” मी जाहीर केलं. “हा बोल्ट जीपचाच आहे.”

“एवढ्या मापाचे बोल्ट जगात कोट्यवधी असतील,” बायको म्हणाली.

“बाकीचे शेडमध्ये होते का?”

ती भाजी चिरायला निघून गेली.

गुरुवारी मी पहिला सिद्धांत मांडला: बोल्ट स्टिअरिंगचा आहे. शेडच्या दारावर मी जीपचा नकाशा चिकटवला होता आणि हातातल्या काळ्या दांडीने एकेक भाग दाखवत होतो. मामांनी स्टिअरिंग उघडलं. सगळे बोल्ट जागच्या जागी होते. मग बोल्ट ब्रेकचा आहे, असं मी म्हणालो. ब्रेक उघडले. मग गिअरबॉक्स. संध्याकाळपर्यंत म्हातारी पुन्हा सोमवारइतकी सुटी झाली आणि मामांची कंबर धरली.

“एकही भोक रिकामं नव्हतं, जावईबापू,” मामा भिंतीला टेकून म्हणाले.

“तिथेच तर खरी मेख आहे,” मी म्हणालो. मेख नेमकी कुठे आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“अहो,” बायको दारातून म्हणाली, “आई पॅन विचारतेय.”

“इथे माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्हाला भांड्यांचं पडलंय?”

शुक्रवारी मला दुसरा सिद्धांत सुचला. भोक रिकामं नाही आणि बोल्ट जास्त आहे, तर तो बाहेरून आणून टाकलेला असणार. हा घातपात होता. संशयित एकच, शेजारचे निवृत्त कॅशियर. त्यांच्याकडे नवी कोरी गाडी आहे आणि म्हातारी चालू झाली की तिचा धूर सरळ त्यांच्या दिवाणखान्यात जातो. मी त्यांना कुंपणापाशी गाठलं.

“मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपण कुठे होता?”

“डॉक्टरकडे, दात काढायला,” ते म्हणाले.

“साक्षीदार?”

“तुम्ही. तुमच्याच स्कूटरवर बसून गेलो होतो की.”

“दात काढला याला पुरावा काय?”

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मी भिंग लावून नीट पाहिलं. दात नव्हता. पण निर्दोष माणूस इतका तयारीत नसतो, म्हणून मी त्यांना पूर्णपणे मोकळं केलं नाही.

शनिवारी सकाळी मामा एका डब्यावर बसून राहिले. अर्धी म्हातारी पेपरवर मांडलेली होती. त्यांनी लायसन खिशातून काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. मला ते बघवेना. मी गुप्तहेर असलो तरी जावईही आहे. मी घसा साफ केला आणि तिसरा सिद्धांत मांडला.

“मामा, दोष अडतीस वर्षांपूर्वीचा आहे. कारखान्यात एका कामगाराने नजरचुकीने हिच्यात एक बोल्ट जास्तीचा टाकला. तो आजवर हिच्या पोटात होता. आपण तो मोकळा केला, एवढंच.” काळी दांडी मी नकाशावरच्या गिअरबॉक्सवर टेकवली. “इथे. बरोबर इथे.”

तेवढ्यात मामी आत आल्या. कोपऱ्यात लोळत पडलेला पॅन त्यांनी उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“जावईबापू, ती दांडी जरा द्या.”

“मामी, युक्तिवाद चालू आहे.”

“चालू द्या तो. दांडी द्या.”

मी दांडी दिली. मामींनी ती पॅनला लावली. पेपरवरचा पुरावा क्रमांक एक पाकिटातून काढला, दांडीच्या भोकात घातला आणि सुरीच्या टोकाने चार वेढे दिले. दांडी घट्ट बसली.

“बोल्ट पेपरवर पालथे केलेत,” मामी म्हणाल्या, “तेव्हा दांडी हातात राहिली होती ना?”

“राहिली होती.”

“मग काय वाटलं तुम्हाला?”

“मला वाटलं, तिचं वय झालं.”

मामा आधी हसले नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग ते डब्यावरून घसरून खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, “अख्खी जीप उघडली की हो.” बायको दाराला धरून उभी होती. तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

शनिवारचा उरलेला दिवस आम्ही चौघं जोडणी करत होतो. रविवारी सकाळी शेवटची म्हणून मामींची सीट बसवायला घेतली. तीन बोल्ट लागले. चौथा नव्हता.

आम्ही पेपर झटकले, डबे उपडे केले, शेड झाडून काढली. बोल्ट मिळेना. मामा सीटवर हात ठेवून उभे राहिले. “हिचीच सीट,” ते म्हणाले. “हलत्या सीटवर नाही नेणार मी हिला.” दुकानं रविवारी बंद. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, आणि गुप्तहेर म्हणून वाटलं नाही.

मामी आत गेल्या. परत आल्या तेव्हा एका हातात पॅन होता, दुसऱ्या हातात दांडी, आणि ओठांत बोल्ट.

“घ्या,” बोल्ट मामांच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या. “आठवडाभर पॅनशिवाय स्वयंपाक केलाय, आता चिमट्याने धरून करीन.”

बोल्ट सीटला हूं की चूं न करता बसला.

“मी म्हटलंच होतं,” मी म्हणालो, “हा बोल्ट जीपचाच.”

मामी पुढे बसल्या. आम्ही दोघं मागे. म्हातारी टेकडी चढताना तीनदा थांबली, पण दर वेळी मामा तिच्याशी काहीतरी कुजबुजले आणि ती पुन्हा निघाली. वर टॉवरपाशी त्यांनी इंजिन बंद केलं. खाली सगळं गाव पसरलेलं होतं. मामींनी पुढच्या लोखंडी दांड्याला घट्ट धरलेलं होतं, तो त्यांनी सोडला.

“तीस वर्षं काय बघायचात हो इथून?”

“साहेब रस्ते बघायचे,” मामा म्हणाले. “ती पाण्याच्या टाकीशेजारची गच्ची दिसतेय? तू तिथे कपडे वाळत घालायचीस. मी ते बघायचो.”

मामींनी पदर डोळ्याला लावला आणि वारा फार आहे म्हणाल्या. वारा अजिबात नव्हता, हे माझ्या लक्षात आलं, पण मी नोंद केली नाही.

रुमाल काढायला मी कोटाच्या खिशात हात घातला. हाताला एक पाकीट लागलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘पुरावा क्रमांक सात. तुलनेसाठी जीपचा अस्सल बोल्ट. सीट, पुढची, डावी.’ बायकोने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि पाकीट घडी करून हळूच परत माझ्या खिशात घातलं. मदतनीस असावी तर अशी.

घरी आल्यावर सगळे चहाला बसले, तेवढ्यात मी स्वयंपाकघरात जाऊन क्रमांक सात पॅनच्या दांडीत घट्ट फिरवून बसवला. दुसऱ्या दिवशी मामी पॅन हातात धरून बाहेर आल्या.

“जावईबापू, याला बोल्ट कुठून आला?”

“प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे, मामी,” मी म्हणालो. “तपास चालू आहे.”