एकशे सतरा नंबरचा शिणाणा

१९८४ साली आरेच्या खडकांवरचे शिणाणे नंबरानं ओळखणारी अख्ख्या रत्नागिरीत मी एकटीच होते! विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाच्या पत्रिकेत माझा निबंध यायचा होता. विषय : शिणाणा, म्हणजे खडकाला चिकटणारा हिरवट शिंपला, वर्षभरात किती वाढतो. दीडशे शिणाण्यांवर लाल नेलपॉलिशनं आकडे घातले. अकरा महिने ओहोटीला वाकून वाकून मापं घेतली. संपादकांचं पत्र आलं, बारावं माप हवंच, नाहीतर निबंध परत.

बाराव्या मापाला गेले, तर बाकीचे शिणाणे जागच्या जागी. माझेच दीडशे गायब! वर्गातली फक्त हुशार मुलं कुणी पळवावीत तसं!

दमून घरी आले. सासूबाईंनी शिणाण्यांचं सुकं वाढलं. भुकेपोटी दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा ताटातून लालभडक ११७ माझ्याकडे बघत होता! उकळूनही रंग गेला नव्हता.

"आई, हे कुणाकडून घेतलेत?"

"सखूकडून. अगो, आज पास झालेला माल होता!"

तशीच मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात गेले. सखू रिकामी पाटी धूत होती.

"सखू, नंबरवालेच का काढलेस?"

"मंग बिननंबरचे काढू? मटनावर म्युन्शिपाल्टीचा शिक्का नसतो काय? गिऱ्हायकांनी नंबर बघून घेतले. बाई, पुढचे कधी पास करनार?"

मी परत फिरले. पण शिणाणा मेला तरी शिंपला मोजता येतो! मोजपट्टी घेऊन मी शेजारच्या येसूबाईंकडे गेले.

"शिंपले टाकलेत का हो?"

"का? काय निघालं त्यात?"

"काही नाही. फक्त तपासायचेत."

झालं! तासाभरात निम्म्या आळीच्या पोटात दुखायला लागलं. संध्याकाळी आमच्या अंगणात शिंपले घेऊन रांग!

"बाई, माझा त्र्याहत्तर बरा आहे ना? मुलानं खाल्लाय!"

"बरा आहे. नेलपॉलिश आहे ते, मीच लावलेलं," मी मोजत म्हणायची.

"लावलंत तर लावलंत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नीट तपासा!"

दीडशेच्या दीडशे मापं मिळाली.

निबंध छापून आला. त्यात शिणाण्यांच्या भक्षकांची यादी आहे : खेकडे, गोगलगायी, माणूस. शास्त्रात खोटं लिहू नये. त्या माणसांत लेखिकाही होती आणि तिनं दोनदा वाढून घेतलं होतं, एवढं मात्र लिहायचं राहिलं.