निंबावरचा संत

याकोबबुवांनी नगरहून संताचं हाड आणलं, ते मनकर्णाकाकूंच्या उंबऱ्याशीच अडलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. फाट्यावर एसटीतून उतरलेले बुवा घोटभर पाण्यासाठी काकूंकडे थांबले. बुवा चर्चमध्ये कीर्तनं करायचे, म्हणून नगरच्या फादरांनी विश्वासानं चांदीची डबी त्यांच्याच हाती दिली होती. डबीत संताच्या बोटाचं तांदळाएवढं हाड. ख्रिस्ती वस्ती पालखी सजवून बसली होती. संत आला की त्याच्याकडे पाणी मागायचं.

"पिशवीत काय हाय, बुवा?"

"संताच्या अस्थी, काकू."

"मग थांबा तितंच! अस्थी घरात आनत्यात व्हय? संत झाला तरी मेलेलाच की!"

काकूंनी मायेनं डबी गाडग्यात ठेवली, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडगं रीतीप्रमाणे बाहेर निंबाला टांगलं. तिथं आधीच एक गाडगं लोंबत होतं. त्यात शेजारच्या वाड्यातले आबासाहेब पाटील. प्रवरा आटल्यामुळे म्हातारा महिनाभर विसर्जनाच्या पाण्याची वाट बघत होता. जिवंतपणी यानंच आपल्या विहिरीला बाभळीचं कुंपण घालून वस्तीला थेंब मिळू दिला नव्हता. दोन्ही फडकी काकूंच्या एकाच जुन्या लुगड्याची.

"आता आलाच हायसा, तर एक पद म्हना."

बुवांना एवढंच पुरे. डोळे मिटून त्यांनी असं पद लावलं, की भंडारदरा धरणाचं पाणी नदीला आल्याची आरोळीही त्यांना ऐकू आली नाही. आबासाहेबांचा मुलगा श्रीमंत धावत आला, हाताला लागलं ते गाडगं काढून नदीकडे पळाला.

पद संपलं. निंबाला एकच गाडगं. बुवांनी फडकं सोडलं. आत राख!

ते तसंच टांगून, नदीकडच्या गलक्याच्या रोखानं बुवा काठावर पोचले, तेव्हा श्रीमंत ओलेत्यानं हात जोडून उभा होता.

"सुटला म्हातारा."

"श्रीमंतराव, म्हातारा निंबावरच हाय! सुटला तो आमचा संत!"

दोघं कमरेइतक्या गढूळ पाण्यात चाचपडू लागले. हाती लागली एक वहाण आणि मेल्या शेळीचं शिंग. तेवढ्यात वरून बँड वाजला.

वाट बघून कंटाळलेली वस्ती पालखी घेऊन निंबाखालीच आली होती. "ह्यो बगा तुमचा संत," म्हणून काकूंनी उरलेलं गाडगं हवाली केलं होतं. निथळत दोघं वर आले, तर आबासाहेब झेंडूच्या माळांत बसून वस्तीकडे निघालेले. म्हाताऱ्या बनुबाईनं गाडग्याला कपाळ टेकवलं.

"बापा, तू लई दयाळू. लेकरं तान्हेली हायेत. पानी दे."

बुवांनी बोलायला तोंड उघडलं. श्रीमंतनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आत्ता नका सांगू, बुवा. म्हाताऱ्याला जल्मात कुनी दयाळू म्हनलं न्हाई."

आणि तो पालखीला खांदा द्यायला पुढे झाला.

सकाळी विहिरीवरचं कुंपण तोडलेलं होतं. बाया घागरी घेऊन धावल्या. चमत्कार, चमत्कार!

बुवांनी मात्र आठवड्यानं नगर गाठलं आणि फादरांपुढे गुडघे टेकून सगळं कबूल केलं. फादरांनी त्यांना हात धरून उठवलं.

"डबी गेली ती गेली. त्या मुलाचे वडील तरी त्याला परत द्या."

"त्यो रोज मागतोय, फादर," बुवा डोळे पुसत म्हणाले. "पन वस्ती देईना. म्हनती, आमच्या संताला हात लावशील तर बग!"